दीड मीटरवरचे डोळे

माझं नाव कायद्याच्या पुस्तकात नाही, पण माझे डोळे आहेत. थट्टा करत नाही. मोटार गाड्यांच्या नियमांचं जाडजूड पुस्तक कुणाकडे असेल तर दिव्यांचं पान उघडून बघा. तिथं लिहिलंय की गाडीच्या पुढे उजेड टाकणारा कुठलाही दिवा असा खाली झुकवलेला पाहिजे, की समोर आठ मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील, त्याचे डोळे दिपता कामा नयेत. तो माणूस म्हणजे मी. नव्वदीच्या दशकातली पाच-सहा वर्षं नगर जिल्ह्यातले ट्रक आणि टेम्पो माझ्या डोळ्यांवर पास-नापास होत होते. पगार मात्र मला शिपायाचाच होता.

आमच्या केडगावच्या मंडळाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, "मामा, अंकासाठी नोकरीवर लिहा." मी म्हटलं, अहो, शिपायाच्या नोकरीत लिहिण्यासारखं काय असतंय? घंटा वाजली की आत जायचं, फाईल घेऊन बाहेर यायचं, आणि साहेब नसले की साहेब आत्ताच चहाला गेले असं सांगायचं. तर ते म्हणाले, "ते नको. फुलीचं लिहा." म्हणून फुलीचं लिहितो.

आमचं ऑफिस गाड्यांच्या पासिंगचं. मालाची गाडी जुनी झाली की दरवर्षी आमच्याकडे आणावी लागायची. ब्रेक लागतात का, टायर गुळगुळीत झालेत का, दिवे नीट आहेत का, हे बघून निरीक्षक साहेब सही करणार. सही झाली की गाडी वर्षभर रस्त्यावर फिरायला मोकळी. माझ्या सुरुवातीच्या काळात दिव्यांची तपासणी म्हणजे साहेब गाडीपुढे उभे राहायचे, ड्रायव्हर दिवे लावायचा, साहेब डोळे बारीक करून म्हणायचे, "साधारण ठीक आहे." झालं.

मग देशमाने साहेब बदलून आले. अंगानं काडी, खिशाला तीन पेनं, काखेत नियमांचं पुस्तक. माणूस कुणावर चिडायचा नाही, पण 'साधारण' हा शब्द कानावर पडला की त्यांचं डोकं फिरायचं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळ्या स्टाफला गोळा केलं, दिव्यांचा नियम मोठ्यानं वाचला, पुस्तक मिटलं आणि विचारलं,

"हा माणूस कुठे आहे?"

हेडक्लार्क जोशी मागे वळून बघायला लागले. त्यांना वाटलं, कुणीतरी रजा न टाकता पळालंय.

"दीड मीटरवर डोळे असलेला माणूस," साहेब म्हणाले. "तो समोर उभा असल्याशिवाय दिवा दिपवतो की नाही हे ठरवायचं कसं? आजपर्यंत कसं ठरवत होता?"

साहेबांनी लोखंडी टेप काढला आणि आम्हाला एका रांगेत भिंतीला उभं केलं. उंची नाही मोजली, डोळे मोजले. जोशींचे डोळे भलतेच वर निघाले. वॉचमनचे बरोबर होते, पण त्याला उभ्या उभ्या झोपायची सवय. साहेब टेप लावून बोलत होते तेवढ्यात त्याचा डोळा लागला. टायपिस्ट बाईंचे तर मिलिमीटरला बरोबर. पण बाई म्हणाल्या, "मी ट्रकपुढे उभी राहणार नाही, मला लेखी ऑर्डर द्या," आणि साहेब पुढे सरकले. शेवटी माझी पाळी आली. अनवाणी उभा राहिलो तर दोन सेंटीमीटर कमी. साहेबांचा चेहरा पडला. मग त्यांचं लक्ष माझ्या चपलांकडे गेलं. टायरच्या तळव्याची जाड चप्पल होती, केडगावातच शिवून घेतलेली. म्हणाले, "घाला बघू." घातली. टेप लावला. दीड मीटर, बरोब्बर. मुलगी पसंत पडल्यावर वरपित्याला होतो तसा आनंद त्यांच्या तोंडावर दिसला.

"भालेराव," ते म्हणाले, "ही चप्पल आता बदलायची नाही."

नुसतं सांगून थांबले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून माझी चप्पल ऑफिसच्या लोखंडी कपाटात, कुलपात ठेवायला लागले. मी घरून दुसरी घालून यायचो, तपासणीच्या वेळी साहेब कपाट उघडून सरकारी चप्पल काढून द्यायचे, काम झालं की परत आत. माझी बायको कांता म्हणाली, "आता सरकारनं पायातलं बी काढून घेतलं का?" बुद्धविहारात तिनं ही गोष्ट सांगितली, आणि पुढे महिनाभर बायका मला बघितलं की आधी माझ्या पायाकडे बघायच्या आणि मग हसायच्या.

पासिंगच्या मैदानाच्या कडेला एक लांबलचक पत्र्याची शेड होती. पूर्वी तिथं कांदा साठवायचे. कांदा गेला तरी वास गेला नव्हता. दारं लावली की भर दिवसा आत अंधार, म्हणून साहेबांनी तीच निवडली. गाडीच्या तोंडाशी चुन्याची एक रेघ, तिथून आठ मीटरवर, हातभर उजवीकडे चुन्याची एक फुली. उजवीकडे का? तर आपल्याकडे समोरून येणारा माणूस आपल्या उजव्या हातालाच असतो, त्याचे डोळे वाचवायचे. मी फुलीवर उभा राहायचो. गाडी रेघेवर यायची, दारं लागायची, ड्रायव्हर दिवे लावायचा. अंधारातून साहेब विचारायचे, "भालेराव?" आणि मी फक्त दोनच उत्तरं द्यायची. "दिपलं" किंवा "नाही दिपलं." जरासं, थोडंफार, किंचित, असलं काही चालत नव्हतं.

महिनाभरात ड्रायव्हर लोकांनी माझं बारसं केलं. फुलीमामा.

बाहेरच्या माणसाला वाटेल, यात काय एवढं? पण दिवा हा नुसता बल्बचा प्रश्न नसतो. बल्ब साधा असला आणि दिवा वर तोंड करून बसवलेला असला तर समोरच्या मोटरसायकलवाल्याला पाच-दहा क्षण रस्ताच दिसत नाही, आणि पाच-दहा क्षणांत माणूस जातो. दिव्याच्या मागं स्क्रू असतात. ते पिळून तोंड खाली करायचं, एवढंच काम. पण ड्रायव्हरला ते पटायचं नाही. त्याला लांबचं दिसायला पाहिजे आणि समोरच्यानं भ्यायला पाहिजे.

त्यातल्या हुशार लोकांच्या लवकर लक्षात आलं की दिवा खाली झुकलेला असतो, म्हणजे मामाचे डोळे जितके वर तितकं बरं. झालं! दिवाळी आली तशी मला उंच टाचेचे बूट यायला लागले. एका टेम्पोवाल्यानं तर सिनेमातल्या नटाच्या पायात असतात तसले आणले. मी सगळे परत केले, कारण ते घालून मी चाललो असतो तर केडगावात माझी वरात निघाली असती. पाथर्डीचा एक बाजीराव नावाचा गडी त्याहून पुढचा. तो सकाळी लवकर आला, फुलीवर गोणपाटाच्या घड्या अंथरल्या, वरून माती पसरली आणि मातीवर चुन्यानं नवी फुली काढली. मला पत्ता नाही. मी उभा राहिलो. साहेबांनी सवयीनं टेप लावला आणि म्हणाले, "भालेराव, तुम्ही आज चार सेंटीमीटर वाढलात."

बाजीराव म्हणाला, "हवा चांगली हाय साहेब हितली."

या बाजीरावाच्या गाडीला पुढून अकरा दिवे होते. साहेबांनी एकेकावर बोट ठेवून विचारलं, हा कशाला? दोन रस्ता बघायला. दोन धुक्याला. पाथर्डीत धुकं कुठून? "घाटात आसतं कधीमधी." दोन वरच्या कोपऱ्यांत, ते नियमानंच पाहिजेत, लांबून गाडीची रुंदी कळावी म्हणून. मग एक हिरवा, तो शोभेचा. एक निळा, तो हिरव्याला जोडीदार. "एकटा बरा दिसत न्हाई साहेब." आणि तीन लाल, काचेवरच्या शनिदेवाच्या फोटोभोवती. आता पुढच्या बाजूला लाल दिवा चालतच नाही, लाल म्हणजे गाडीचं बूड. साहेबांनी तसं सांगितलं. बाजीराव म्हणाला, "पर साहेब, देव गाडीच्या आत हाय. फुडं कुठं हाय?" साहेबांनी खरोखर टेप काढला आणि देव काचेपासून किती आत आहे ते मोजलं. नंतर गाडीपुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मला पुढून लाल दिसतंय. देव राहू द्या, बल्ब पिवळे करा." बाजीराव पुटपुटत गेला आणि पिवळे करून आला. हिरवा-निळाही गेले. जाताना मला म्हणाला, "मामा, गाडी पार सुतकात गेल्यावानी दिसती." मला मनातून वाईट वाटलं. दिसत होतीच तशी.

आता कचरूचं सांगतो, कारण खरं सांगायचंय ते त्याचंच.

कचरू सोनईचा. एकच ट्रक, मालकही तोच आणि ड्रायव्हरही तोच. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊस वाहायचा. त्याच्या केबिनच्या टपावर चार मोठे दिवे होते, दोन पुढे तोंड केलेले, दोन मागे. साहेब म्हणाले, काढा. वरचे पुढचे दिपवतात, आणि मागे पांढरा दिवा चालत नाही, मागे लाल.

कचरू हात जोडून उभा. "साहेब, ह्ये दिवे रस्त्यावर लावीतच न्हाई मी. फडात लावतो. दिवस मावळला तरी तोडणीवाल्या बाया मोळ्या टाकीत आसत्यात गाडीत. उजेड नसंल तर कुनाचा हात-पाय जायचा. आन् फड म्हंजी रस्ता व्हय का?"

साहेबांनी पुस्तक काढलं. वीस मिनिटं पानं उलटली. मी दोनदा चहा आणला. शेवटी त्यांनी चष्मा काढला आणि जरा दुखावल्यासारखे म्हणाले, "पुस्तकात शेत नाही."

मग त्यांनी स्वतःच्या डोक्यानं तोडगा काढला. रस्त्यावर असताना या चारही दिव्यांवर झाकण पाहिजे, आतून दिवा लागला तरी उजेड बाहेर पडणार नाही असं. शेतात गेलं की झाकण काढा. "रस्त्यावर झाकलेलं, शेतात उघडं. समजलं?"

"समजलं साहेब," कचरू म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी परत आला.

मैदानात जे हसू उसळलं ते अजून माझ्या कानात आहे. टपावरच्या चारही दिव्यांना कुंच्या घातलेल्या! तान्ह्या बाळाला घालतात तशा, लाल छापील कापडाच्या, मागे झालर, कडेला गोंडे, आणि दिव्याच्या हनुवटीखाली नाडीची गाठ. कचरूच्या घरी नुकताच पाळणा हलला होता. त्याची बायको सिंधू मुलीसाठी कुंची शिवायला बसली होती, त्याच बैठकीत तिनं आणखी चार शिवल्या.

साहेब हसले नाहीत. ते ट्रकच्या टपावर चढले, एका कुंचीची गाठ सोडली, उलटी करून बघितली. "अस्तर काळं आहे," ते म्हणाले. "चांगलं आहे. दिवा लावा." लावला. उजेडाची एक तिरीप बाहेर आली नाही. साहेबांनी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'कापडी झाकण, नग चार, समाधानकारक.'

पुढच्या हंगामात नेवाशाकडच्या रस्त्यावर बघावं तर ट्रकच्या ट्रक कुंच्या घालून चाललेले. कुणी गोणपाटाच्या, कुणी जुन्या लुगड्याच्या. एकानं शिवणकाम नको म्हणून चार स्टीलची भगुणी पालथी बांधली होती, पण ती वाटेत वाजायची आणि कुत्री मागे लागायची, म्हणून त्यानंही शेवटी कुंच्याच घेतल्या.

दोन-तीन वर्षं अशी मजेत गेली. मग माझ्या डोळ्यांना काहीतरी झालं.

पहिल्यांदा लक्षात आलं ते घरातल्या बल्बवरून. बल्बभोवती कडं दिसायला लागलं. नंतर चंद्राला दोन-दोन कडी. नंतर तर समोर कांतानं देवळीत साधी पणती लावली तरी ती फुलबाजीसारखी फुटायची. मोतीबिंदू पिकत होता. माझ्या बापालाही झाला होता, मला कळत होतं. पण मी कुणाला बोललो नाही.

का नाही बोललो? खरं सांगतो, भीती वाटली. ऑफिसात मी चहा आणणारा. पण फुलीवर उभा राहिलो की अकरा दिव्यांचा बाजीराव माझ्या तोंडाकडे बघायचा, साहेब अंधारात माझ्या शब्दाची वाट बघायचे. आयुष्यात दुसऱ्या कुठल्या जागी माझ्या एका शब्दाला एवढी किंमत नव्हती. डोळे गेले म्हटलं असतं तर फुली गेली असती. म्हणून मी तसाच उभा राहत गेलो आणि जो येईल त्याला "दिपलं" म्हणत गेलो. कारण मला खरंच दिपत होतं!

आणि गंमत बघा, माझा मान वाढला. ड्रायव्हर आपसात बोलायचे, "फुलीमामा लई कडक झालाय." साहेबांनी वरच्या ऑफिसला कळवलं की आमच्याकडे दिव्यांची तपासणी अत्यंत काटेकोर होते. जितकं कमी दिसत होतं तितकी माझी कीर्ती पसरत होती.

त्या वर्षी हंगामाच्या तोंडावर कचरू आला. मंगळवार होता. कारखान्यानं वाहतुकीच्या गाड्यांची यादी केली होती आणि शनिवारी संध्याकाळी पाचला ती बंद होणार होती. ज्याच्याकडे तोवर पासिंगचा कागद नसेल त्याचा नंबर दुसऱ्याला, म्हणजे कचरूचा ट्रक सबंध हंगाम दारात उभा. त्यानं हे मला शेडच्या बाहेरच सांगितलं. "मामा, जरा नीट बगा." मी म्हटलं, "मी काय वाकडं बघतो का रं?"

शेडमध्ये गेलो. त्यानं दिवे लावले. माझ्या डोळ्यांपुढे नुसता भुईनळा. "दिपलं."

तो केडगावच्या इलेक्ट्रिशियनकडे गेला, स्क्रू पिळून दिवे खाली केले. गुरुवारी आला. "दिपलं."

त्यानं काचेच्या वरच्या निम्म्या भागाला काळा रंग फासला, बल्ब साधे टाकले आणि दिवे इतके खाली वाकवले की इलेक्ट्रिशियन म्हणाला, "आता तुला फकस्त पुढचं चाक दिसंल, तेवढ्यावर चालव गाडी." शनिवारी सकाळी अकराला तो तिसऱ्यांदा शेडमध्ये आला. मैदानात पंधरा-वीस ड्रायव्हर होते, तेही दारापर्यंत आले. सगळ्यांना माहीत होतं की आज नाही तर नाही.

मी फुलीवर उभा राहिलो. दारं लागली. समोर माझ्या डोळ्यांत पांढराफटक लोळ पसरला, कडी न् कडी दिसायला लागली.

"भालेराव?"

"दिपलं."

मग केबिनमधून कचरूचा आवाज आला, अगदी हळू.

"मामा, मी आजून दिवा लावलाच न्हाई."

बाहेर कुणीतरी खो खो हसला आणि लगेच गप्प झाला. पत्र्याला वर एक भोक होतं. त्यातून उन्हाची तिरीप येऊन ट्रकच्या काचेवर पडली होती, तेवढंच.

साहेबांनीही ते बघितलं. माणूस मोठा चांगला. ते माझ्याजवळ आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "छपराच्या भोकातून ऊन आलंय. त्यानं गडबड झाली. भोक बुजवा, पुन्हा घेऊ."

म्हणजे मी सुटलो होतो. मान हलवली असती की झालं. पण भोक बुजवून पुन्हा दिवा लावला असता तरी मला दिपणारच होतं, आणि मी परत "दिपलं" म्हणालो असतो, आणि कचरूचा हंगाम गेला असता. एकदा वाटलं, गुपचूप "नाही दिपलं" म्हणून टाकावं. पण तेही खोटंच होतं, आणि त्या फुलीवर मी आजवर खोटं बोललो नव्हतो.

"उन्हाचं काही नाही, साहेब," मी म्हणालो. "माझेच डोळे गेलेत. तीन महिने झाले. मला पणतीसुद्धा दिपवते."

साहेबांनी खिशातून टेप काढला. मग म्हणाले, "बाजूला व्हा." मी फुलीवरून उतरलो. ते स्वतः फुलीवर उभे राहिले, टेपचं टोक जमिनीला लावलं, दुसऱ्या हातानं डोळ्यापाशी धरलं आणि हळूहळू गुडघे वाकवत गेले. कबड्डीच्या गड्यासारखे. डोळे दीड मीटरवर आले तसे थांबले. "लावा दिवा."

कचरूनं लावला.

"नाही दिपलं," साहेब म्हणाले. "पास."

आणि तेव्हा, अहो तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की गुडघे असलेल्या कुणालाही हे जमत होतं! इतकी वर्षं! जोशींना जमलं असतं, साहेबांना जमलं असतं. कपाटातली चप्पल, कुलूप, सगळ्या स्टाफचे मोजलेले डोळे, आणि एवढ्या शिकलेल्या माणसांत एकालाही सुचलं नाही की जरा वाकून बघावं. माझ्याकडे बघून साहेब ओशाळले. त्यांनाही तेच कळलं असावं.

कचरूनं कागद घेतला आणि माझ्यापुढे आला. हसत नव्हता. "मामा, पाच दिस घरात कुनी धड जेवलं न्हाई. सिंधूनं दिव्याच्या काचा धा बारी पुसल्या, म्हनली घाण बसली आसंल. तुमी आदी का न्हाई बोलले?"

तो ट्रकमध्ये चढला, दार आपटलं, ट्रक मैदानाच्या फाटकापर्यंत गेला आणि थांबला. मग रिव्हर्समध्ये, टपावरच्या चार कुंच्या हलवत, मागे मागे येऊन माझ्यापुढे उभा राहिला. कचरूनं आतून दार उघडलं.

"बसा."

"कुठं?"

"आदी कारखाना. मंग दवाखाना. आसं आंधळं फिरताव, रस्त्यात एकांद्या ट्रकखाली याल, आन् लोक म्हनतील दिव्यानं दिपला."

यादीत त्याचं नाव चार वाजता लागलं. माझं नाव दवाखान्याच्या यादीत पुढच्या आठवड्यात.

मी रजेवर असताना साहेबांनी रजिस्टर काढलं, तीन महिन्यांतले माझे सगळे "दिपलं" शोधले आणि प्रत्येकाला पोस्टकार्ड टाकून परत बोलावलं. सलग दोन दिवस त्यांनी एकेका गाडीपुढे गुडघे वाकवले, आणि तिसऱ्या दिवशी त्यांना ऑफिसच्या पायऱ्या चढता येईनात. मग त्यांनी सुताराकडून एक उंच स्टूल करून घेतलं. त्यावर साहेब बसले की डोळे बरोबर दीड मीटरवर. ऑपरेशन होऊन, डोळ्यावरची पट्टी सुटून मी कामावर आलो तेव्हा फुलीवर ते स्टूल होतं. मी त्याला फडकं मारलं आणि चहा आणायला गेलो.

ड्रायव्हर लोक मला काही बोलले नाहीत. नुसते हसायचे. बाजीराव तेवढा म्हणाला, "मामा, तुमच्या टायमाला माझा निळा दिवा गेला. त्यो तरी खरा दिपवत हुता का?" मी म्हटलं, तो खरा. तुझा हिरवाही खरा.

वर्ष गेलं. पुढच्या हंगामाआधी कचरूचा ट्रक रेघेवर आला. साहेब स्टुलावर बसायला निघाले तर त्यानं केबिनमधून मान बाहेर काढली.

"साहेब, स्टुलाचं मत नगं मला. मामाला उभं करा."

"त्यांचे डोळे..." साहेब म्हणाले.

"नवे हायेत. मीच बसवून आनलेत."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि ते ऑफिसात गेले. किल्लीचा आवाज आला. परत आले तेव्हा त्यांच्या हातात ती टायरची चप्पल होती, धूळ पुसलेली. मी घातली. त्यांनी टेप लावला. दीड मीटर, बरोब्बर.

दारं लागली. कचरूनं दिवे लावले. पिवळा उजेड जमिनीवरून सरळ माझ्या पायापर्यंत आला आणि तिथंच थांबला. कडं नाही, फुलबाजी नाही. मला त्याच्यावरचं सगळं दिसत होतं: काच, काचेमागे कचरूचं तोंड, टपावरच्या चार कुंच्या, उन्हानं फिक्या झालेल्या, आणि एकीला नवा गोंडा लावलेला. इतकं स्वच्छ मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या.

अंधारातून साहेबांनी विचारलं, "भालेराव?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात केबिनमधून कचरू ओरडला, "आवो मामा, आदी डोळे पुसा! साहेब फेल धरतील मला!"